छत्तीस फोटोंचा कुंभारवाडा

रविवारच्या मेगाब्लॉकला भिऊन शनिवारीच धारावीच्या कुंभारवाड्याला निघाले. सायनला फास्ट थांबत नाही, त्यामुळे डोंबिवलीपासून स्लोने सगळी स्टेशनं मोजत जायचं. पिशवीत मामाचा जुना रोलचा कॅमेरा, ४०० आयएसओचा (हे रोल उजेडाला किती संवेदनशील त्याचं माप) एकच ब्लॅक अँड व्हाइट रोल आणि एक लाल फिल्टर. ३६ फोटो, संपले की संपले. मोबाइलवर घराच्या मांजराचेच दिवसाला पन्नास काढणाऱ्या मला हा कडक उपास होता.

काढायची होती शोभेची मातीची भांडी. माणसं नाहीत, गल्ली नाही, धूर नाही. फक्त भांडं आणि त्यावरचा उजेड. धारावीचे फोटो म्हटलं की सगळे धावतात ते धुराकडे.

धूर आहेच म्हणा. नव्वद फुटी रोडवरून कुंभारवाड्यात वळलं की आधी डोळे चुरचुरतात, मग भट्ट्या दिसतात. घरांच्या दोन रांगांमध्ये सामायिक भट्टी, जळणाला कापसाचा कचरा आणि चिंध्या. इथली घराणी सौराष्ट्रातून आलेली. आधी त्यांची वस्ती दक्षिण मुंबईत होती (तिथल्या एका भागाला अजून कुंभारवाडाच म्हणतात), १९३०च्या दशकात ती इकडे आली. खाली चाक, वर बिऱ्हाड.

एका ओट्यावर रंगवलेल्या फुलदाण्या मांडून एक काकी बसल्या होत्या. तांबडी माती, त्यावर हिरवी पानं आणि पांढरी फुलं. मी एक विकत घेतली आणि तिथेच, भिंतीच्या सावलीत, पालथ्या कुंडीवर ठेवून फोटो काढू का विचारलं. काकींनी कॅमेरा निरखला.

"रंगीत नाय निघणार?"

"नाही काकी, काळापांढरा."

"मग रंगवलेली कशाला घेतली, बेन? साधी पन्नास रुपये कमी होती."

उत्तर नव्हतं माझ्याकडे. प्रश्न मात्र अगदी नेमका होता. तांबडा आणि हिरवा डोळ्यांना एकमेकांचे वैरी वाटतात, पण उजळपणा सारखा असला तर काळ्यापांढऱ्या रोलवर दोघंही एकाच करड्या रंगात विरघळतात. पानं गायब! म्हणून मामाने लाल फिल्टर दिला होता. तो लावला की तांबडी माती उजळते आणि हिरवं काळं पडतं. पानं परत मिळतात, पण उजळलेल्या मातीत पांढरी फुलं बुडतात. एकाला वाचवावं तर दुसरं जातं. शिवाय हा फिल्टर तीन स्टॉप, म्हणजे आठातले सात हिस्से, उजेड खातो. सावलीत भिंगाचं तोंड एफ ८वर ठेवलं तर शटर १/३० सेकंदावर आलं, हातात कॅमेरा हलेल इतकं मंद, आणि तिपाई डोंबिवलीत! भिंतीला पाठ लावली, श्वास रोखला, दहा फोटो काढले. एकदा एक पोरगं फुलदाणीमागून टाळकं काढून हसलं, तो अकरावा.

आतल्या बाजूला काकींचा मुलगा चाकावर होता. चाक विजेचं, पण बोटं तीच. भांडं उभं राहिलं की तो दोऱ्याने ते चाकावरून कापून घेई. हात पुसून पुढचा गोळा. बाहेर सुकत ठेवलेल्यांतलं एक मी उचललं आणि सहज उलटं केलं. कापताना चाक फिरत असतं, त्यामुळे दोऱ्याच्या रेषा बुडावर वळत जातात, एका कडेला दाट आणि दुसरीकडे विरळ. सावलीत काही दिसेना. दारातून तिरका उजेड येत होता तिथे धरलं, तेव्हा प्रत्येक रेषेला स्वतःची सावली फुटली. ना रंग, ना झिलई, सगळा कारभार उजेडाचा.

काकी खळखळून हसल्या. "गिऱ्हाईक तोंड बघतं, तू बूड बघते!"

त्या बुडावर मी एकवीस फोटो उधळले.

उरले चार. सायनहून भायखळा गाठलं, वाटेत परळला वडापाव खायला उतरले ते वेगळं. राणीबागेच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुलं झालं. तिथे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेली भांडी आहेत. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज टेरी यांनी स्कूलमध्ये कुंभारकाम सुरू केलं. सिंधी वळणाची झिलई, आणि काहींवर थेट अजिंठ्याची चित्रं. त्याच स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते, तीच शैली इथे सुरयांच्या पोटावर उतरली. रंगात पाहावीत अशी भांडी. माझ्या कॅमेऱ्यात मात्र काच, काचेत दिव्यांचे ठिपके आणि मध्ये मी. झिलईचा हाच ताप असतो, ती स्वतःचा आकार दाखवण्याआधी समोरची खिडकी दाखवते.

फळ्यांवर ओळीने मांडलेली ती भांडी बघताना फोटोग्राफीचा इंग्रज आद्य संशोधक फॉक्स टॅल्बट आठवला. १८४४ साली त्याने कपाटातल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो छापला आणि सोबत लिहिलं, की चोराने ही भांडी पळवली तर असं चित्र कोर्टात नव्या प्रकारचा पुरावा ठरेल. म्हणजे हा प्रकार सुरू झाला तोच कलेइतकाच पंचनामा म्हणून! मी चारही फोटो एकाच सुरईचे घेतले. कोर्टात एकही टिकणार नाही.

रोल धुऊन यायला आठवडा लागला. फुलदाणीचे सात हललेले, तिघांत पानं छान, फुलं बेपत्ता. पोराचं टाळकं मात्र कुरकुरीत शार्प. बुडाचा एक फोटो मोठा करून मामाला नेऊन दिला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांपाशी धरला.

"शिंपला झकास आलाय गं. कुठला, अलिबागचा?"