चहा, भाजी-पाव आणि दोन तासांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, 7.9 टक्के आली आणि घरात पहिली गदा आली ती माझ्या चार वाजताच्या चहावर. साखर सोडणे फारसे जड गेले नाही. चहाबरोबर काय खावे आणि खाल्लेले कितपत मानवले हे कसे कळावे, येथे मात्र घोडे अडले.

डॉक्टरांनी उपाशीपोटी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी (हिलाच प्रयोगशाळेत पीपी म्हणतात), अशी दोनदा साखर तपासायला सांगितली होती. गोव्यात फोंड्यातील एका प्रयोगशाळेत मी पाटीवरच्या वेळेप्रमाणे साडेसातला हजर झालो. रक्त घेणाऱ्या बाई सव्वाआठला आल्या आणि माझा क्रमांक लागला तोवर नऊ वाजून गेले होते. समोरच्या हॉटेलात पातळ भाजी, दोन पाव आणि फिका चहा मागवला आणि पहिला घास नऊ पंचवीसला घेतल्याचे पावतीच्या मागे लिहून ठेवले, कारण दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. अकराला खिडकीवरून हाक आली, "काका, या, पीपी घेऊन टाकूया. साडेअकराला नमुन्यांची गाडी जाते." अजून पंचवीस मिनिटे आहेत असे मी म्हटले, तर "तेवढ्याने काय होते?" हे उत्तर मिळाले.

बरेच होते. खाल्ल्यानंतर साखर आधी चढते आणि मग उतरू लागते, त्यामुळे मधल्याच वेळी घेतलेला आकडा दोन तासांचा म्हणून वाचला की सगळा अर्थ बदलतो. मागच्या खेपेस माझे रक्त दीड तासालाच घेतले होते, अहवालात ते दोन तासांचे म्हणून छापले गेले आणि 231 हा आकडा पाहून डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. या वेळी मी पावती पुढे केली आणि बाकावरून उठलो नाही. अकरा पंचवीसला रक्त घेतले गेले, वेळ मी हाताने लिहून घेतली, आणि नमुन्यांची गाडी बारा वाजून गेल्यावर आली. आकडा आला 186.

गोळी घेऊन उपाशी रांगेत बसू नये, हे सांगायचे राहिलेच. ती न्याहारीबरोबर घ्यायची का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. साखर 70 च्या खाली गेली की हातपाय कापू लागतात, आणि रांगेतल्या माणसाकडे तेव्हा कोणाचे लक्ष नसते.

त्यानंतर मी ग्लुकोमीटर विकत घेतला. प्रयोगशाळेच्या आकड्याशी तो तंतोतंत जुळत नाही, पण घरच्या घरी तुलना करायला पुरतो. केळ्याचे दोन बन आणि गोड चहा: 238. अर्धी पोळी (आमच्याकडचा कोंडा लावलेला पाव), वाटीभर मूगगाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, आणि फिका चहा: 158. कोंडा लावलेली पोळी म्हणजे सगळी कणकेची असे मी धरून चाललो होतो; आमच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारले तेव्हा त्याने हसत मैदा असल्याचे कबूल केले. म्हणून अर्धीच. आधी मूग किंवा चणे, मग पोळी, आणि नंतर देवळापर्यंत पंधरा मिनिटांची फेरी, हा क्रम मला लागू पडला. गुळाचा चहा चालतो असे सांगणारे शेजारी भेटतात. मीटरला गूळ आणि साखर यांत फारसा भेद दिसला नाही.

आता एचबीएवनसी 6.8 आहे. पुढची तपासणी मी चतुर्थीच्या आधीच उरकणार आहे. नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, हिशेब त्यात यायला नको.