तुम्ही विचारलंत म्हणून: एवढीशी मी, मला शुगर कशी?

बारसं असो, लग्न असो, सोसायटीची लिफ्ट असो. "अगं, तू तर फुंकर मारली तर उडशील, तुला कशी गरोदरपणात शुगर निघाली?" आणि त्याच दमात, "गोड फार खायचीस का गं?" नाही खायचे. चहासुद्धा बिनसाखरेचा. हो, चिडूनच सांगतेय.

हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता, तुमच्यापेक्षा उद्धटपणे.

नववा आठवडा होता, नाव नोंदवायला गेले होते. वजन 54 किलो, उंची 156 सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22 च्या आसपास. आपल्याकडे 23 पासून जादा वजन धरतात, म्हणजे मी पास. तेवढ्यात एका शिकाऊ डॉक्टर मुलीने शिंप्याकडे असते तसली टेप काढली. "कुर्ता वर घ्या." पडदा अर्धाच ओढलेला, पलीकडे बाकावर बायका बसलेल्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपून तिने बरोबर मधोमध टेप गुंडाळली. मी पोट आत ओढलं. "ताई, श्वास सोडा." सोडला. तिने सिस्टरना ओरडून सांगितलं, "चौऱ्याऐंशी सेंटिमीटर!"

"माझं वजन चोपन्न आहे," मी म्हटलं.

"असेल की. पण पोटावर चरबी असली की शुगरचा धोका. बायकांची कंबर ऐंशीच्या आत बरी."

गॅस झालाय, दिवस गेलेत म्हणून फुगलंय, काय वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "म्हणून तर आत्ता मोजतेय. पुढे पोट बाळाचं किती नि तुमचं किती, कसं कळायचं?"

मग 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी. आधीच मळमळ, त्यात ते गोडमिट्ट. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत यावं लागेल, असं बजावलेलं, म्हणून ओठ आवळून बसले. दोन तासांनी रक्तातली शुगर 152. सरकारी नियमाने 140 ला गरोदरपणातला मधुमेह धरतात. पण खरं सांगू? लाज वाटली ती 152 ची नाही, त्या चौऱ्याऐंशीची.

नंतर कळलं की आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. हे वाचून मला फार बरं वाटलं. बरं वाटायचं काही कारण नव्हतं.

नवरा म्हणतो, टेप लावली नसती तरी 152 च आले असते. बरोबर आहे. पहिल्या भेटीत तपासणी सगळ्यांचीच करायची असते, पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत. कंबर बघून नाही. कंबर नव्वद असून शुगर नॉर्मल असलेल्या बायका मी त्याच बाकावर पाहिल्यात. पण टेप नसती, तर लॅबची चूक म्हणून मी नॉर्मल येईपर्यंत लॅबा बदलत बसले असते, हेही बरोबर आहे. माझ्या आईलाही शुगर आहे, ते तर तुम्हाला माहीतच आहे. मग तिच्यामुळे झालं की पोटामुळे? मला अजून कुणी ठामपणे सांगितलेलं नाही. तेव्हा 'कशी झाली' ते मला विचारू नका. भात किती कमी केला ते विचारा, सांगते.