आमची वाटचाल : पत्रकाच्या तळाचं नाव

मुद्रकाचं नाव पत्रकाच्या तळाशी, सगळ्यात बारीक टाइपात असतं. निवडणुकीच्या पत्रकावर तर ते लागतंच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क. मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते छापायचे, प्रकाशकाने ओळखीच्या दोघांच्या सह्यांनिशी घोषणापत्र द्यायचं आणि ते पत्रकाच्या प्रतीसोबत आम्ही मुद्रकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२४ च्या विधानसभेला पत्रकावरचं वरचं, उमेदवाराचं मोठं नाव आणि तळाचं बारीक नाव एकच झालं : माझं.

अण्णांनी १९७८ साली एका ट्रेडल छपाईयंत्रावर छापखाना सुरू केला. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणारे मामा तेव्हापासून आमच्याकडे. पुढे ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले आणि मामा बाइंडिंगला बसले. डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणं, हिने शिकून घेतलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि बाजारपेठेतल्या जुन्या बिलबुकांची रद्दी झाली. त्या पावसाळ्यात मशीन थांबलंच नाही. २०२० मध्ये उलटं. लग्नंच नाहीत तर पत्रिका कसल्या?

निवडणूक मात्र दर वेळी धावून यायची. आम्ही सगळ्यांची पत्रकं छापायचो. एका पक्षाचा गठ्ठा बांधून होईतो दुसऱ्याचा माणूस दारात. कोणाचं काय छापतोय ते बाहेर बोलायचं नाही, हा अण्णांचा दंडक. २०१९ ला एका उमेदवाराचा माणूस नुसता फोटो घेऊन आला. "मजकूर?" हिने विचारलं. "मागचाच काढा की वहिनी, फाइल असेल ना. फक्त फोटो बदला." फाइल होती. पाण्याची योजना, बसस्थानक, कारखान्यांना पुरेशी वीज, सगळं जसंच्या तसं लागू होत होतं. एक काना बदलावा लागला नाही. ते काम आम्ही केलं, पैसेही घेतले, पण मनातून ते गेलं नाही.

उभं राहायचं ठरलं तेव्हा पहिली अडचण धंद्यातूनच निघाली. राज्य सरकारच्या एका कार्यालयाचं फॉर्म छपाईचं काम हातात होतं. सरकारला माल पुरवायचा करार चालू असेल तर विधानसभेची उमेदवारी टिकत नाही. वकील म्हणाले, करार तुमच्या बाजूने पूर्ण झाला पाहिजे, बिल थकलेलं असलं तरी चालेल. मग तीन रात्री मशीन चालवून शेवटचा गठ्ठा पोचवला, पोच घेतली आणि मग अर्ज भरला. (बिलाचं विचारू नका.)

अपक्षाला मतदारसंघातलेच दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. आमच्याकडे रोज चहाला येणारे वीस तरी असतील. सही म्हटल्यावर कोणाला गावाला जायचं होतं, कोणाच्या मुलाची नोकरी मध्ये येत होती. मी रागावलो नाही. इतकी वर्षं सगळ्यांचं छापून मीही कुठे कोणाची बाजू घेतली होती? मामांनी पहिली सही केली. बाकीच्या नऊ जमवायला चार दिवस लागले. अनामत दहा हजार.

खर्चाची मर्यादा ४० लाख. आम्ही तिच्या सावलीलाही गेलो नाही. पण हिशेबाची शिस्त कामी आली. निवडणुकीचं बँक खातं वेगळं, रोजची नोंदवही वेगळी, प्रचारात तीनदा तपासणी. स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या मशीनवर छापलेलं पत्रकही खर्चात धरावं लागतं. म्हणून मी मलाच जीएसटीसह बिल फाडलं आणि उमेदवाराच्या खात्यातून छापखान्याच्या खात्यात पैसे भरले. घोषणापत्रही प्रकाशक म्हणून मीच दिलं, मुद्रक म्हणून मीच घेतलं. तपासणीला बसलेले साहेब ते बिल बघून हसले, पण दर मात्र जिल्ह्याच्या दरपत्रकाशी ताडून बघितला.

तारखा आमच्या मुळावर आल्या. अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर, माघार ४ तारखेपर्यंत, मतदान २० ला. म्हणजे दिवाळीची आणि कॅलेंडरची सगळी कामं त्यातच. आणि पक्षांचं एकही पत्रक यंदा आमच्याकडे आलं नाही. सगळं शेजारच्या तालुक्यात गेलं. साहजिक आहे. प्रतिस्पर्ध्याच्या छापखान्यात कोण जाहीरनामा टाकेल? धंद्याचं नुकसान अनामतीपेक्षा कितीतरी मोठं झालं. हिने ते आधीच सांगितलं होतं, आणि ते मी इथे लिहावं अशी तिची अट आहे.

मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्ष वर, अपक्ष शेवटी. तिथेही मी तळाशीच. मतं चार आकडी पडली, पण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त पडली तरच अनामत वाचते, तेव्हा ती गेली. खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्यायचा असतो. मी बाराव्या दिवशी दिला.

पुढे नगरपरिषदेच्या निवडणुका लागल्या, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक जण परत आला. या वेळी पेनड्राइव्हमध्ये मजकूर होता. फाइल उघडून ही वाचत बसली आणि मध्येच थांबली. विजेवरच्या चार ओळी माझ्या पत्रकातल्या होत्या, एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

"अहो, हे तुमचंच ना?"

"हो. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुधार," मी म्हटलं आणि घोषणापत्राचा कोरा फॉर्म काढून दिला.