शिडांचे सूत

कल्पित जगांच्या कादंबऱ्या संपादनासाठी आल्या की मी आधी नकाशा आणि वंशावळ तपासते, कारण विसंगती बहुधा तिथेच सापडतात. त्या दिवशी दोन्ही निर्दोष होते. सुमारे सहाशे पानांची ती संहिता मी दोनदा वाचली होती, लेखक चर्चेसाठी समोर बसले होते, आणि आमच्या मुद्रितशोधक बाईंनी समासात पेन्सिलीने केलेली नोंद मी तेव्हा प्रथमच पाहिली : ‘महिन्याभरात तीनशे गलबते निघाली. शिडांचे सूत कोणी कातले?’

लेखकांना हसू आले. मलाही आले असते. पण हिशेब मांडू लागले तेव्हा प्रश्न अवघड निघाला. चरखा नसलेल्या जगात सूत टकळीवरच निघते आणि एक माग चालता ठेवायला अनेक कातणाऱ्यांचे हात लागतात. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी व्हायकिंगांच्या जहाजाचे लोकरी शीड तयार करण्याचे श्रम जहाज बांधण्याच्या श्रमांहून अधिक असत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे या आरमारामागे हजारो बायकांची कित्येक वर्षे उभी होती आणि सहाशे पानांत त्यांच्यापैकी एकीलाही वाक्य नव्हते. मी स्वतः बाई असून दोन वाचनांत मला ते खटकले नव्हते, याची बोच अधिक होती.

“पण माझ्या पुराणाची सुरुवातच आदिमातेपासून होते, आणि सेनापतीही राणीच आहे,” लेखक म्हणाले. राणीबद्दल मी फारसे बोलले नाही. तिच्या जागी राजाचे नाव घातले असते तरी एकही प्रसंग बदलला नसता. आदिमातेचे प्रकरण मात्र मुळाशी जाणारे होते. तिचा मुलगा तिला ठार करतो आणि तिच्या देहापासून डोंगर व नद्या होतात. हा साचा फार जुना आहे. बाबिलोनच्या सृष्टिकथेत मार्दुक हा देव आदिमाता तियामतला मारून तिचा देह सुकवलेल्या मासळीसारखा दुभंगतो, एका भागाचे आकाश करतो, आणि तिच्या डोळ्यांतून तैग्रिस व युफ्रेटिस वाहू लागतात. अशा कथेत देवी असते खरी, पण बांधकामाच्या सामानासारखी. उलट सुमेरच्या इनान्ना या देवीच्या कथेत ती स्वतः ठरवून अधोलोकात उतरते आणि सात दारांवर एकेक अलंकार, एकेक वस्त्र गमावत जाते. तिथे घडणारे सारे तिच्या निर्णयातून सुरू होते.

“मग मी पुराण खोडून टाकू काय?” त्यांचा स्वर दुखावलेला होता. मी त्यांना अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांचे उदाहरण दिले. अर्थसी या त्यांच्या कल्पित जगात (त्याची पहिली कादंबरी 1968 सालची) जादूची विद्यापीठी परंपरा पुरुषांची होती आणि खेड्यातल्या चेटकिणींची विद्या हलकी मानली जाई. 1990च्या चौथ्या पुस्तकात त्यांनी तो नियम पुसला नाही. तेच जग एका शेतकऱ्याच्या मध्यमवयीन विधवेच्या घरातून दाखवले.

तिसऱ्या खर्ड्यात आदिमातेच्या वधाची पुरोहितांच्या तोंडची कथा तशीच राहिली, राणीही तशीच राहिली (ती मला अजून पटलेली नाही). पण एका प्रकरणात शिडांचे सूत कातणाऱ्या बायका आदिमातेची गोष्ट सांगतात, आणि त्यांच्या गोष्टीत तिला कोणी मारतच नाही, ती हातातला धागा स्वतः तोडून निघून जाते. ती कुठे गेली, यावर त्या आपसांत भांडतात. सवयीने मी तिथे ‘विसंगती’ असे लिहिले, आणि मुद्रितशोधक बाईंकडून पान परत आले तेव्हा तो शब्द खोडलेला होता.