प्लास्टिकबंदीचा हिशोब मार्चच्या आधी मांडायला हवा होता

कुठलाही नवा नियम आला की आपल्याकडे वाद रंगतो तो नियम चांगला की वाईट यावर. मला त्याच्या आधीच्या कामाबद्दल लिहायचंय. नियम काढण्याआधी तो कोणाला कितीला पडेल, फायदा कोणाला होईल, दुसरा मार्ग आहे का, हे सरकारने कागदावर मांडायचं, ज्याला रेग्युलेटरी इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस म्हणतात. अमेरिकेत मोठ्या नियमांसाठी हे १९८१ पासून करावंच लागतं. आपल्याकडे केंद्राने २०१४ मध्ये एक धोरण केलं, कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि सोबत खर्च, पर्यावरण, लोकांची रोजीरोटी यावर काय परिणाम होईल तेही सांगायचं. चांगलं धोरण आहे, पण ते न पाळता विधेयक मांडलं तरी कोणी अडवत नाही.

आता आपली महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी घ्या. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना, मग तीन महिने मुदत, आणि २३ जूनपासून दंड, पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. मी बंदीच्या बाजूचाच आहे, नाल्यातून काय काय निघतं ते आपण सगळे दर पावसाळ्यात बघतो. पण दंड सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच किराणा दुकानदारांना ५० मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिकमध्ये माल बांधायला अटी घालून सूट द्यावी लागली. सुटी साखर, डाळ, पोहे ऐन पावसाळ्यात कागदाच्या पुडीत कसे द्यायचे हा प्रश्न काही गुपित नव्हता हो, कुठल्याही वाण्याने पाच मिनिटात सांगितला असता, फक्त त्याला मार्चच्या आधी विचारायला हवं होतं.

म्हणून मला वाटतं की नियमाच्या परिणामांच्या या अभ्यासाचं प्लॅनिंगच महत्त्वाचं, आणि ते निर्णय अजून मोकळा असताना झालं पाहिजे, कारण एकदा मंत्र्यांनी घोषणा केली की मग अभ्यास हा फक्त घोषणेला पुरावे जोडायचं काम होऊन बसतो.

प्लॅनिंगमध्ये सगळ्यात आधी प्रश्न नीट लिहायचा. ‘प्लास्टिकचा त्रास’ एवढं पुरत नाही. नाले तुंबतात हा प्रश्न आहे, का गाईगुरांच्या पोटात पिशव्या जातात हा, का डम्पिंग ग्राउंड भरत चाललेत हा? प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं. आणि मग, काहीच नवीन केलं नाही तर काय होईल ते लिहायचं. इथे एक अडचणीची गोष्ट समोर येते, ५० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी आधीच बंदी होती. तरी त्या भाजीवाल्याकडे मिळतच होत्या, मग कमी काय पडत होतं, नियम का तपासणारी माणसं? याचं उत्तर ‘माणसं’ असेल तर नवी बंदीही त्याच इन्स्पेक्टरांच्या जिवावर चालणार, आणि त्यांचा पगार, गाड्या, जप्त मालाची विल्हेवाट हे सगळं नियमाच्या खर्चात धरलं पाहिजे.

दुधाच्या पिशवीचं तर मला फारच वाटतं. जाड पिशवीला परवानगी होती, पण अट अशी की रिकामी पिशवी परत घ्यायची आणि ग्राहकाला किमान ५० पैसे द्यायचे. कल्पना सुंदर आहे. पण ५० पैशांसाठी घरोघरी पिशवी धुवून वाळवून ठेवतील का, पहाटे दूध टाकणारा पोऱ्या त्या परत नेईल का, त्याला त्याचे काय मिळणार, दुकानदार वास मारणारा ढीग कुठे साठवणार, आणि गोळा झालेलं प्लास्टिक कोण उचलणार? एखाद्या शहरातल्या दोन-तीन वॉर्डांत आधी करून बघितलं असतं, एकीकडे ५० पैसे आणि दुसरीकडे २ रुपये देऊन, तर बरंच काही कळलं असतं, आणि एवढ्याशा चाचणीला खर्च तरी किती येतो!

विचारायचं कोणाला हेही आधीच ठरवावं लागतं. कारखानदारांच्या संघटना स्वतःहून येतात, वकील घेऊन येतात. कचरा वेचणाऱ्या बायका येत नाहीत, त्यांच्याकडे जावं लागतं, सकाळी कामाच्या वेळी नाही, आणि मसुदा मराठीत घेऊन. प्लास्टिक विकून त्यांचं घर चालतं, त्यामुळे त्यांचं किती उत्पन्न जाईल किंवा वाढेल हा आकडा मला त्या कागदात सगळ्यात वर हवाय.

प्रत्येक जीआरला एवढा अभ्यास नकोच, फॉर्मचा नमुना बदलला म्हणून कोणी सर्व्हे करत बसू नये. पण करता येतं हे नक्की. दिवाळखोरी मंडळाने, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचं कामकाज बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, २०१८ मध्ये स्वतःसाठीच नियम केला की नव्या रेग्युलेशनच्या मसुद्यासोबत आर्थिक विश्लेषण द्यायचं.

आणि मोजमाप नियमाच्या आधी सुरू व्हायला हवं. ठरावीक नाले निवडायचे, पावसाळ्याआधी काढलेल्या गाळातलं प्लास्टिक वेगळं करून वजन करायचं, कॅरीबॅग किती, वेफर-गुटख्याची पाकिटं किती, बाटल्या किती. नियमाच्या आधीचं एक वर्ष, नंतरची तीन, तेच नाले, तीच पद्धत. हे काम पालिकेच्या नालेसफाईच्या टेंडरमध्येच एक अट म्हणून घालता येईल.