कांडी भरताना

हातमागावर विणायला शिकू लागले तेव्हा पहिले काही महिने माझ्या कापडाच्या दोन्ही किनारी आत ओढल्या जात असत, आणि त्याचा दोष मी कधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, कधी विणलेला धागा ठोकून बसवणाऱ्या फणीला, तर कधी माझ्या हाताला देत असे. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, बाहेर काढून नीट पाहावी, हे मात्र मला बराच काळ सुचले नाही. एके दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी माझा धोटा हातात घेतला, कांडीवरचे सूत अंगठ्याने दाबून पाहिले आणि "मऊ भरली आहे, पुन्हा भरा" एवढेच सांगितले. ती कांडी मी उकलून घट्ट भरली, आणि त्याच ताण्यावर, त्याच फणीने, पुढची वीतभर वीण सरळ किनारीची उतरली.

होडीच्या आकाराच्या धोट्यात कांडी एका बारीक सळईवर ओवलेली असते आणि धोटा पुढे सरकला की ती स्वतःभोवती फिरत बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सोडते. सूत सैल गुंडाळलेले असेल, तर ओढ बसताच वरच्या थरातला धागा खालच्या थरांत रुतून अडकतो. मग धोट्याला अर्ध्या पन्ह्यातच हिसका बसतो आणि तो हिसका किनारीवरच्या ताण्याच्या धाग्यांना आत खेचतो. कांडी टोकापर्यंत भरलेली असेल, तर धागा टोकावरून घसरून सळईला वेढे घालतो आणि शेवटी तोडावा लागतो. फार जाड भरली, तर ती धोट्याच्या भिंतींना घासते. तिन्ही दोषांचा परिणाम कापडावर जवळपास सारखाच दिसतो, म्हणूनच खरे कारण सापडायला वेळ लागतो.

आता मी भरते ती अशी. नळीच्या दोन्ही टोकांना सुमारे एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडते, आधी एका बाजूला सुताचा लहानसा उंचवटा करते, मग दुसऱ्या बाजूला तसाच, आणि त्यानंतर मधली खोलगट जागा भरत जाते, जेणेकरून शेवटी कांडी मध्ये किंचित फुगीर आणि टोकांकडे निमुळती, जवाच्या दाण्यासारखी दिसते. कांडी भरायचा रहाट फिरवताना सूत दोन बोटांच्या चिमटीतून सोडायचे आणि चिमटीचा दाब पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत बदलू द्यायचा नाही, हाच या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. जवसाचे सूत बोटे कापते, म्हणून त्यासाठी मी चिमटीत सुती चिंधी धरते.

चांगली भरलेली कांडीसुद्धा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी वागत नाही. भरलेली असताना ती जड असते. धोटा हातात आल्यावरही ती थोडी फिरत राहते आणि किनारीला धाग्याचा सैल फास उरतो. त्यासाठी धोटा झेलतानाच कांडीवर बोट टेकवण्याची सवय लावून घ्यावी लागते. सूत संपत आले की उलट घडते: वेढ्यांचा घेर लहान झाल्यामुळे तीच कांडी फिरवायला अधिक ओढ लागते आणि किनार नकळत आवळू लागते.

न फिरणारी कांडी निराळी. ती धोट्यात पक्की बसवलेली असते, तिच्यावर सूत शंकूच्या आकारात, बुडाकडून टोकाकडे चढत जाणाऱ्या थरांनी भरतात आणि धागा तिच्या टोकावरून सुटतो. फिरायचे काहीच नसल्यामुळे मघाचे जडपणाचे दुखणे इथे उरत नाही. मात्र सुटणारा प्रत्येक वेढा धाग्याला एक पीळ देतो किंवा त्याचा एक पीळ उकलतो. जॉन के यांनी १७३३ मध्ये इंग्लंडमध्ये धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. दोरीच्या झटक्याने धावणाऱ्या अशा वेगवान धोट्याला हीच कांडी अधिक शोभते. पुढे यंत्रमागांवर धोट्याच्या छिद्रातून धाग्याचे टोक तोंडाने ओढून घेण्याची रीत होती, आणि एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागत असल्यामुळे त्यातून रोग पसरण्याची भीती होती. कांडीसारख्या साध्या वस्तूपायी कामगारांना हेही सोसावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

१८९० च्या दशकात जेम्स नॉर्थ्रप यांच्या मागामुळे अमेरिकेत माग न थांबवता रिकामी कांडी आपोआप बदलण्याची सोय झाली. अशा मागांसाठी कांडीच्या बुडाशी थोडे राखीव सूत भरून ठेवण्याची पद्धत रूढ झाली, कारण कांडी पूर्ण संपल्यावर ती बदलली तर चालू फेरा अर्धवट राहून कापडात दोष दिसतो. हातमागावर मी त्यातून एवढेच घेतले आहे की, शेवटचे काही वेढे उरले की अर्ध्या पन्ह्यात धागा संपण्याची वाट न पाहता किनारीशीच कांडी बदलते. उरलेले सूत मी नळीवरून हाताने उकलते, पात्याने कधीच कापत नाही. नळीवर उठलेला बारीकसा ओरखडाही पुढच्या वेळी धागा धरून ठेवतो.