पाडव्याच्या सकाळी गोवाऱ्यांचा डफ

दिवाळीच्या पाडव्याला पहाटेच नागपूर सोडलं. उमरेड रोडने कुही तालुक्यातल्या एका गावी पोचले तेव्हा ऊन नुकतं पडत होतं आणि धान कापणीला आलं होतं.

गावाच्या कडेला तिघे गोवारी तणसीच्या जाळावर डफ शेकत बसले होते. म्हाताऱ्याने डफ उलटसुलट फिरवला, बोटाने टिचकी मारून कान लावला, मान हलवली, पुन्हा जाळावर धरला. "तापल्याबिगर बोलत नाही थो, ताई," म्हणाले. चौथ्यांदा टिचकी मारली तेव्हा चामडं टणकन वाजलं. मग बासरीवाला उठला.

गोवारी म्हणजे गावाची गुरं राखणारे. वर्षभर कोणाची गाय व्याली, कोणती लंगडते हे मालकाआधी त्यांना कळतं. आज तीच गुरं रंगवून, गळ्यात माळा घालून शेणाच्या गोधनावरून, म्हणजे गोवर्धनाच्या ढिगावरून, नेतात आणि पुढे चालतो तो डफ. दारोदारी वाजवत जायचं, घरची बाई ओवाळणार, सुपातून धान घालणार. ही भीक नव्हे, हा हक्क आहे. एका दारात उशीर झाला, तर वाजवणारे तिथून हलले नाहीत. ठेका चढवत राहिले. बाई हसतच सूप घेऊन बाहेर आली. राखणाऱ्याचं वर्षाचं देणं सगळ्या गावासमोर चुकतं करायला लावणारं हे वाजवणं आहे, असं मला तिथे उभं राहून वाटलं, आणि फार आवडलं.

गुरं मात्र कमी झालीत. चार घरं ट्रॅक्टरवाली. त्यांनीही सूप भरलं, हे मला महत्त्वाचं वाटलं.

चहा पिताना नागपुरातल्या सीताबर्डीचा विषय निघाला. तिथल्या गोवारी शहीद उड्डाणपुलावरून मी रोज जाते. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर आदिवासी म्हणून सवलती मागायला निघालेला त्यांचा मोर्चा. लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बायका-पोरंही होती. झिरो माइलजवळ स्मारक आहे.

"मी बी होतो थ्या मोर्चात," म्हातारा म्हणाला. पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या घरून हाक आली. त्याने डफावर टिचकी मारली. चामडं थंड पडलं होतं. कप खाली ठेवून तो जाळाकडे गेला.